बांधावरचे पाहुणे

रिकाम्या वावरात पाऊल टाकण्याआधी "येऊ का?" असं मोठ्यानं विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो एका अवाढव्य तेल-वायू कंपनीचा अधिकारी होता.

युसूफ वडगावच्या शिवारातली गोष्ट. मी नोकरीला लागून चार दिवस झाले होते. ज्वारी काढून झालेली, वावरात धसकटांशिवाय काही नाही, लांबवर एक टिटवी. साहेब बांधावर थांबले, काळी छत्री मिटली आणि समोरच्या मोकळ्या रानाला उद्देशून ओरडले, "येऊ का?"

मी म्हणालो, "साहेब, कोणी नाहीये."

"दिसतंय मला."

"मग विचारता कोणाला?"

"सवय मोडू नये म्हणून विचारतो. आज माणूस नाही म्हणून नाही विचारलं, की उद्या माणूस असताना विसरतो. कंपन्यांचं असंच होतं."

मग उत्तरासाठी लागावा तेवढा वेळ ते थांबले आणि वावरात उतरले. मला वाटलं, उन्हाचा परिणाम असावा. पुढे वर्षभर मी हे रोज पाहिलं. थंडीतही.

आमची कंपनी किनाऱ्यावरचा वायू देशाच्या आतल्या भागात नेणारी मोठी पाइपलाइन टाकत होती आणि तिचा एक तुकडा बीड जिल्ह्यातून जाणार होता. अशा कामात जमीन शेतकऱ्याचीच राहते. कंपनीला मिळतो तो फक्त खालून जाण्याचा हक्क. त्या पट्ट्यात पुढे पीक घेता येतं. घर, विहीर आणि मोठं झाड मात्र चालत नाही. हे शेतकऱ्यांना समजावून सांगणं हे साहेबांचं काम, आणि साहेबांच्या बरोबर फिरणं हे माझं. मराठी साहित्यात एम. ए. केलेल्या माणसाला कंपनीनं याआधी काय काम दिलं होतं ते ठाऊक नाही, पण माझ्या पदाच्या नावात 'समन्वय' हा शब्द होता. त्याचा अर्थ सांगेल असा माणूस मला अजून भेटलेला नाही.

केजला भाड्याच्या जागेत आमचं कार्यालय होतं. दारातच एक मोठा टीव्ही, आणि त्यावर दिवसभर कंपनीच्या प्रगतीची फिल्म चालू. काळ्या नकाशावर किनाऱ्याजवळ एक लाल ठिपका उगवायचा, त्याला फांद्या फुटायच्या, आणि बघता बघता अर्धा देश लाल रेघांनी भरून जायचा. मागे गंभीर आवाजातला निवेदक 'स्वप्न', 'झेप' आणि 'क्षितिज' हे तीन शब्द आलटून पालटून वापरत असे. एकदा फिल्म चालू असताना साहेब माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "यात मीही आहे. थांब. हा बघ."

पत्र्याच्या शेडपुढे एका लांब पाइपावर पाच-सहा माणसं ओळीनं बसून डबा खात होती. साहेब पाठमोरे होते.

"मधले आमचे पहिले मोठे साहेब. खुर्च्याच नव्हत्या, मग बसणार कुठं? वेल्डर, इंजिनिअर, साहेब, सगळे त्याच पाइपावर. ज्याला जे सांगायचं ते तिथंच सांगायचा. मग कंपनी वाढली, टेबलं आली. टेबल आलं की एक माणूस अलीकडे होतो आणि एक पलीकडे."

हे म्हणताना आवाजात तक्रार नव्हती. कंपनीवर त्यांचा जीव होता. कपिलधारच्या बाजूच्या एका लहानशा गावातून पोरवयात बाहेर पडून ते तिला चिकटले होते आणि तिच्याबरोबर वाळवंट, खाडी, जंगल असं सगळं फिरून निवृत्तीच्या तोंडावर आपल्याच जिल्ह्यात आले होते. मोठेपणाचं वावडं त्यांना नव्हतं, मोठेपणाच्या प्रदर्शनाचं होतं. कोणी तरुण इंजिनिअर कंपनीच्या थोरवीबद्दल फार बोलू लागला की ते हातांनी माप दाखवत. "कंपनी केवढीही होऊ दे. आश्रुबाच्या वावरात तिची रुंदी एवढीच." दोन तळहातांत मोठं कलिंगड मावेल इतकं ते अंतर असे.

हा आश्रुबा म्हणजे आमच्या पट्ट्यातला सगळ्यांत तिखट शेतकरी. पहिली सभा मारुतीच्या देवळात झाली. तालुक्याच्या एका पुढाऱ्यानं आधी अर्धा तास भाषण करून विकासाची गंगा दारात आणली. टाळ्या झाल्या. मग मागून आश्रुबा उठला.

"ते गंगेचं जाऊ द्या. गॅस आमच्या वावराखालून जाणार. बरं. आन् आमी सिलेंडर आणायला केजला जायचं?"

पुढारी हसले. इंजिनिअरांनी एकमेकांकडे पाहिलं. साहेब उठून म्हणाले, "होय."

"होय काय होय?"

"केजलाच जावं लागणार. ही जलद गाडी हाय. हिला हे स्टेशन न्हाई. पुढं कवा शहरात फाटा निघाला तर निघंल, पण तुमच्या चुलीपर्यंत कवा येईल ते मला ठाव न्हाई. ठाव न्हाई ते सांगणार न्हाई."

कार्यालयात प्रमाण मराठी बोलणारे साहेब बांधावर आणि देवळात असे आपोआप बदलत. पुढाऱ्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. आश्रुबा मात्र थोडा वेळ डोकं खाजवत उभा राहिला आणि शेजारच्याला म्हणाला, "ह्यो खोटं बोलंना की बे. आता भांडावं कसं?"

सगळ्यांत पहिली संमती आश्रुबाची आली.

कार्यालयात साहेबांना मागून 'पाहुणे' म्हणत, कारण कंपनी म्हणजे पाहुणा असं ते उठता बसता सांगत. "पाहुण्यानं विचारून आत यावं, आणि गेल्यावर घर होतं तसं असावं." हे 'होतं तसं' ठेकेदाराच्या माणसांना फार जड जाई. चर खणताना वरची काळी माती एका बाजूला आणि खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला टाकायचा, आणि बुजवताना आधी मुरूम, मग माती, असा नियम असतो. नियम सगळीकडे असतो. साहेब तो पाळला जातोय का हे बघत चराच्या काठाने छत्री घेऊन चालत, हा फरक. मुरुमाचं एक ढेकूळ काळ्या ढिगावर दिसलं की छत्रीच्या टोकानं ते बाहेर ओढत आणि मशीन चालवणाऱ्याला म्हणत, "तुझ्या ताटात वाळू पडली तर खाशील का रे?"

काम झाल्यावर त्यांची परीक्षा असे. पुढच्या रब्बीत उभ्या पिकाकडे बघून शेतकऱ्याला विचारायचं, पाइप कुठून गेलाय ते दाखव. "दाखवता आलं तर आपण नापास."

आश्रुबाच्या वावरात आमचं काम आदल्या उन्हाळ्यातच उरकलं होतं. पीक निसवून कणसं बाहेर आल्यावर आम्ही गेलो. बांधावरून "येऊ का?" झालं, "या की" झालं, आणि साहेबांनी प्रश्न विचारला. आश्रुबानं क्षणाचाही विचार न करता बोट केलं. "ह्यो काय, हितून गेलाय."

साहेबांचा चेहरा पडला. "कशावरनं कळलं?"

"हितं ज्वारी लई आलीय. खोलवर उकरलं ना तुमी. मुळी खाली गेली."

मी मोठ्यानं हसलो. कोणत्याही कंपनीनं याची फिल्म काढली असती.  साहेब मात्र परतताना म्हणाले, "तरी ओळखता आलंच की." आणि पुढच्या टप्प्यात माती दाबायला किती फेऱ्या माराव्यात यावर त्यांनी इंजिनिअरांचं डोकं खाल्लं.

त्यांची दुसरी लढाई शेंदराशी होती. पाइपलाइन कुठून गेली हे कळावं म्हणून बांधाबांधावर खुणेचे खांब रोवतात. पिवळ्या रंगाचा नवा खांब रानात उभा राहिला की आठवड्याभरात त्याला कोणीतरी शेंदूर लावून जाई. नारळ फुटे. साहेब फडकं आणि रॉकेलची बाटली घेऊन फिरत आणि स्वतःच्या हातानं देवाला पुन्हा खांब करत. मी म्हणालो, "राहू द्या की. श्रद्धा आहे त्यांची."

"आज शेंदूर. उद्या ओटा. परवा सभामंडप. आणि त्या पट्ट्यात बांधकाम चालत नाही. मग देवाला हटवायला पोलीस घेऊन कोण जाणार, तू?"

मी नास्तिक असूनही मला त्यांचा युक्तिवाद बिनतोड वाटला.

आता सोनाबाईंबद्दल सांगायला हवं, कारण साहेबांची खरी परीक्षा त्यांनीच घेतली. घेतली हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

सोनाबाई धनगर. दिवाळीनंतर पाऊस येईपर्यंत त्यांची मेंढरं पाझर तलावाच्या अलीकडच्या माळावर बसत आणि रोज दुपारी दोन वावरांमधल्या जुन्या वाटेनं पाण्यावर जात. आमचा चर नेमका त्या वाटेला आडवा. चर किती लांब उघडा राहतो हे न पाहिलेल्याला समजणार नाही. इकडे नजर टाकावी तर चर, तिकडे टाकावी तर चर, आणि काठाने वेल्ड केलेला पाइप पसरलेला. माणूस उडी मारून जाईल, कोकरू नाही. म्हणून साहेबांनी वाटेवरचा तुकडा खणूच दिला नव्हता. दोन्ही बाजूंचं काम तिथवर येऊन थांबलं होतं, मध्ये मेंढरांची वाट शाबूत. शेवटचा जोड तिथंच पडणार हे उघड होतं.

तो दिवस जवळ आला तेव्हा साहेब सोनाबाईंच्या पालावर गेले. पालाला दार नसतं, तरी लांबूनच विचारलं, "येऊ का?"

"या. बसा. घोंगडी टाक रं मारुत्या."

मारुती हा त्यांचा मुलगा. त्यानं घोंगडी टाकली. साहेब म्हणाले, "वाट एक दिवस बंद राहील. सकाळी खणू, जोडू, तपासू, सांजच्याला बुजवू. तेवढा एक दिवस मेंढरं डांबरीवरून न्यावी लागतील."

"डांबरीनं लई लांबाय. आन् ती डंपरं."

"ठाव हाय. म्हणून एकच दिवस."

"तुमी म्हनता ना? मग झालं," सोनाबाई म्हणाल्या.

पण शेवटचा जोड ही कंपन्यांच्या जगात साधी गोष्ट नसते. त्याचा सोहळा होतो. जोडाला सोनेरी रंग देतात, दिल्लीहून मोठे साहेब येतात, फोटो निघतात आणि फिल्ममध्ये आणखी एक 'क्षितिज' वाढतं. ठेकेदाराच्या मॅनेजरनं केजहून देवळाच्या कळसाला लावतात तो सोनेरी रंग आणला. मांडव घातला. वाटेच्या कडेला लाल गालिचा आला, सोफे आले, धुळीवर मारायला पाण्याचा टँकर आला. त्या टँकरभर पाण्यात सोनाबाईंची सगळी मेंढरं दोन वेळा प्याली असती, हे माझ्या डोक्यात नंतर आलं. साहेबांच्या तेव्हाच आलं असावं, कारण ते टँकरकडे बघत बराच वेळ उभे होते.

ठरल्या दिवशी सकाळी वाट खणली. जोड झाला. तपासणी झाली, वेष्टन झालं, वर सोनेरी रंग झाला. आणि दुपारी निरोप आला की मोठ्या साहेबांचं उद्यावर गेलं आहे. खड्डा उघडा ठेवा.

दुसऱ्या दिवशी निरोप आला की परवा नक्की.

त्या दिवशी डांबरीवर सोनाबाईंची एक मेंढी आणि तिचं कोकरू डंपरखाली गेलं. डंपर आमच्याच कामावरचा होता की दुसऱ्या कोणाचा, ते शेवटपर्यंत कळलं नाही. संध्याकाळी त्या मांडवापाशी आल्या. ओरडल्या नाहीत. काठी टेकून खड्ड्यातल्या त्या सोनेरी जोडाकडे बघितलं आणि साहेबांना म्हणाल्या, "साहेब, तुमी एक दीस म्हनलता."

एवढंच बोलून त्या निघून गेल्या. मारुती मागे थांबला. त्यानं एकदा खड्ड्याकडे, एकदा लाल गालिच्याकडे बघितलं आणि तोही निघाला.

साहेबांच्या नोकरीची मुदतवाढ त्या वेळी दिल्लीत अडकलेली होती. ती त्यांना हवी होती, हे मला त्यांनीच सांगितलं होतं. पगारासाठी नाही, म्हणाले होते. एक रब्बी बघायची आहे, या शेवटच्या पट्ट्यावरची. आणि तिच्यावर ज्यांची सही व्हायची होती, तेच परवा येणार होते. मॅनेजरलाही हे ठाऊक होतं.

सकाळी साहेब साइट इंजिनिअरपाशी गेले. मी शेजारी होतो.

"जोडाची तपासणी झाली?"

"झाली सर. पास आहे."

"वेष्टन?"

"झालं. तेही तपासलं."

"आता काय राहिलंय?"

"फक्त सोहळा, सर."

"तो कामाच्या यादीत आहे का?"

इंजिनिअर तरुण होता, प्रामाणिक होता. "नाही सर."

"मग बुजवा."

मॅनेजर धावत आला. "साहेब, उद्या मोठे साहेब येतायत! त्यांना दाखवणार काय?"

"त्यांना पाइप कसा असतो ते ठाऊक आहे. मी त्यांच्याबरोबर काम केलंय."

"अहो, पण तुमचं ते दिल्लीचं..."

"मुरूम आधी," साहेब मशीनवाल्याला म्हणाले. "मग माती. घाई करू नको."

दुपारपर्यंत वाट होती तशी झाली. साहेब स्वतः वर चालून आले, मग उलट चालून गेले, आणि मला म्हणाले, "जा, सोनाबाईंना सांग." त्या दुपारी मेंढरं आपल्या वाटेनं पाण्यावर गेली.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब खरोखरच आले. गाड्यांची रांग, फेटे, ढोल. पुढारीही आले होते. फेटा त्यांनी घरूनच बांधून आणला होता. मोठे साहेब लाल गालिच्यावरून चालत वाटेपर्यंत आले आणि इकडे तिकडे बघू लागले. मॅनेजर झाडामागे होता.

"जोड कुठं आहे?"

"तुमच्या पायाखाली, सर," साहेब म्हणाले.

"दिसत नाही."

"तेच तर काम आहे, सर."

ढोल थांबले. अशा वेळी माणसं घड्याळ बघतात, तशी सगळ्यांनी बघितली. आणि त्या शांततेत वाटेच्या वरच्या अंगाला खुरांचा आवाज आला. रोजची वेळ झाली होती. पुढे सोनाबाई, मागे मेंढरांचा लोट, सगळ्यांत मागे मारुती. मांडव, गालिचा, फेटे, सोफे हे सगळं पाहून त्या थबकल्या. वाट त्यांची, वेळ त्यांची. पण समोर एवढी मोठी माणसं. मग त्यांनी साहेबांकडे बघितलं आणि काठी उंचावून मोठ्यानं विचारलं,

"येऊ का?"

साहेबांनी मोठ्या साहेबांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"या!" ते म्हणाले. "या, या."

मेंढरं आली. गालिच्यावरून, सोफ्यांमधून, पुढाऱ्यांच्या धोतराला अंग घासत. मोठे साहेब एका बाजूला झाले, मग आणखी बाजूला झाले, शेवटी खुणेच्या खांबाला टेकून उभे राहिले. फोटोग्राफरनं मात्र सोडलं नाही. तो बिचारा येईल त्याचे फोटो काढत होता. कळप संपता संपत नव्हता. शेवटचं लंगडं कोकरू खांद्यावर घेऊन मारुती गेला आणि जाता जाता पुढाऱ्यांना म्हणाला, "गालिचा झाडून घ्या. लेंड्या पडल्यात."

मोठे साहेब वाईट माणूस नव्हते. धूळ बसल्यावर हसले, साहेबांच्या पाठीवर थाप मारली, म्हणाले, "तू बदलला नाहीस." आणि गाडीत बसले. कार्यालयात सगळे म्हणाले, बघा, काही झालं नाही.

मुदतवाढ आली नाही. कोणी नाही म्हटलं नाही, फक्त ती आली नाही. पाऊस सुरू व्हायच्या आत साहेबांचा निरोप समारंभ झाला. त्यांना कंपनीच्या प्रगतीचं गुळगुळीत कागदांचं जाड पुस्तक भेट दिलं. त्यांनी ते उघडून तिसरं पान बघितलं, पाइपावरचा तो पाठमोरा फोटो त्यातही आहे याची खात्री केली, आणि मिटलं. छत्री घेतली आणि पायीच एस. टी. स्टँडवर गेले.

सोहळ्याचे फोटो फिल्ममध्ये गेले नाहीत. नकाशावरची लाल रेघ मात्र त्या ठिकाणाहून पुढे गेली, आणि वायू वाहू लागला. सोनाबाईंच्या मेंढीची भरपाई द्यायला कोणता नियम लागू होतो यावर कार्यालयात बरीच चर्चा झाली. साहेब त्याआधीच स्वतःच्या खिशातून देऊन आले होते, आणि सोनाबाईंनी ती परत केली होती. "वाट दिली ना," असं म्हणाल्या म्हणे.

त्या रब्बीत, ज्वारी निसवल्यावर, मी मुद्दाम त्या शेवटच्या पट्ट्यावर गेलो. एकटाच होतो. बांधावर पोचलो, पाय उचलला, आणि खाली ठेवला. आजूबाजूला कोणी नव्हतं. तरी विचारलं. थोडा थांबलो आणि आत गेलो.

मग साहेबांना फोन लावला. आता ते गावी असतात. बांधावरचे खांब सोडून द्या, म्हणालो, मधल्या उभ्या पिकात पाइप कुठून गेलाय ते सांगता येत नाही.

"नीट बघ. कुठं पीक कमी?"

"नाही."

"ज्यास्त?"

"ज्यास्तही नाही."

 मी म्हणालो, "एक रेघ दिसतेय पण."

"कुठं?" आवाज एकदम बदलला.

"दोन वावरांच्या मधून. तलावाकडं गेलीय. खुरांची."

"हात् बे," साहेब म्हणाले. इतक्या दिवसांत ते मला पहिल्यांदाच 'बे' म्हणाले. "ती आपली न्हाई. ती ऱ्हाऊ दे."